खाक्यातले रान

ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकले असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. गोष्ट मात्र मोठी आहे. ती अशी.

एका राज्यात विक्रांतसेन नावाचा राजा होता. त्याच्या पदरी नागदत्त नावाचा चितारी होता. त्या राज्यात चित्र काढायची एक रीत होती. कागदावर आकृती काढून तिच्या रेघांवर सुईने भोके पाडायची. हा झाला खाका. खाका भिंतीवर धरायचा, कोळशाच्या पुडीची पुरचुंडी त्यावर आपटायची, की भिंतीवर ठिपके उमटत. ठिपके जोडले की बाई, ठिपके जोडले की झाड. नागदत्ताच्या घरी पणजोबाच्याही आधीचे खाके होते. बाईचा एक, झाडाचा एक, पाखराचा एक. त्यांवर घराणे जगले होते आणि नावाजलेही होते.

राजाने नवा महाल बांधला आणि नगराबाहेरचे रान त्याच्या भिंतीवर काढवून घेतले. महाल उघडण्याच्या दिवशी त्या रानाची राखण करणारी जोगीण चित्र बघायला आली. तिने भिंतीवरून नजर फिरवली. हजार झाडे होती आणि पान एकच होते.

"हे माझे रान?" तिने विचारले.

"होय माते," नागदत्त म्हणाला.

"तू रानात कधी आला होतास?"

"गरज पडली नाही."

दरबार हसला. जोगीण हसली नाही. ती म्हणाली, "तुला गरज नाही, तर रानाला तरी वेगळेपणाची गरज कशाला? जसे काढलेस तसे होवो." एवढे बोलून ती निघून गेली.

त्याच घटकेला रान चित्रासारखे झाले. पिंपळाला, फणसाला, करवंदीला एकच पान आले. फुलांचा वास गेला, फळे पिकेनात, मधमाश्या रित्या परतू लागल्या, सगळी पाखरे एकाच आवाजात ओरडू लागली. महालाच्या तोरणासाठी नगरातल्या मुली फुले खुडायला रानात गेल्या होत्या. त्या टोपल्या कमरेला लावून एका ओळीत उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. सगळ्यांची मान एकीकडे कललेली, सगळ्यांचे डोळे कानापर्यंत लांब, सगळ्यांचा चेहरा एक. आया धावत गेल्या आणि आपली कोणती ते न कळून परत आल्या. त्या ओळीत नागदत्ताची एकुलती लेक कमळजाही होती.

राजाने मांत्रिक पाठवले, ते हात हलवीत आले. हत्ती पाठवले, त्यांनी सोंडेने पाने ओढली, ती भिंतीवरच्या रंगासारखी निसटली. शेवटी नागदत्त एकटाच निघाला आणि रानाच्या शिवेवर जोगिणीसमोर उभा राहिला.

"तीन चित्रे काढ," ती म्हणाली. "एक पान, एक पाखरू आणि एक माणूस. जसे आहे तसे. खोटी रेघ ओढलीस की तुझ्या डोळ्यांतला एक रंग जाईल. सगळे रंग गेले की तूही त्या ओळीत उभा राहशील."

"माणूस कोणता?"

"तुझी लेक. ओळीतून तूच ओळखून काढ."

शिवेबाहेर एक खरा पिंपळ उरला होता. नागदत्ताने त्याचे पान समोर ठेवले आणि कुंचला उचलला. डोळा पानावर पोचण्याआधी हाताने रेघ पुरी केली. दोन्ही बाजू सारख्या, टोक सरळ. त्याच क्षणी त्याच्या डोळ्यांतला तांबडा रंग गेला. त्याचे तांबडे पागोटे राखेसारखे दिसू लागले. घाबरून त्याने दुसरे पान काढले, त्यासरशी पिवळा गेला.

मग त्याने कुंचला खाली ठेवला आणि नुसता बघत बसला. ऊन कलले तेव्हा त्यास दिसले की पानाची मधली शीर सरळ नाही, किंचित डावीकडे झुकली आहे. डावी बाजू रुंद आहे. टोक वळले आहे, आणि कडेला किड्याने कुरतडलेले भोक आहे. त्याने ते सारे काढले, भोकासकट. जोगिणीने चित्रावर फुंकर घातली. रानातल्या पिंपळांना ज्याचे त्याचे पान परत आले.

पाखरू म्हणून त्याने शिवेबाहेरच्या ओढ्यावरचा खंड्या निवडला. खंड्या फांदीवरून म्हणाला, "महालात तू मला पोपटाची चोच लावली आहेस असे ऐकतो."

"पाखराचा खाका एकच होता," नागदत्त म्हणाला.

"तरीच. पण मी कोणासाठी बसत नसतो. माझी बायको म्हणते तरी बसत नाही."

तो खरेच बसला नाही. तो सूर मारी, मासा घेऊन दूर उडे आणि लांबून टोमणे मारी, की चितारी दगडावर बसून बसून शेवाळणार. नागदत्त पाण्यापर्यंत वाकून तोच सूर पुन्हा पुन्हा बघत राहिला. दिवस गेले. एके दुपारी त्याने काजळाच्या शाईने पाण्यात शिरतानाचा खंड्या काढला.

खंड्या येऊन चित्रावर उभा राहिला. "डोळा कुठे आहे माझा?"

"पाण्यात शिरताना तुझ्या डोळ्यावर पापुद्रा येतो. तो काढला आहे."

खंड्याने मान वाकडी करून चित्र पुन्हा बघितले. मग म्हणाला, "हे घरी कोणास ठाऊक नाही." आणि उडाला. रानातली पाखरे ज्याच्या त्याच्या आवाजात बोलू लागली.

तिसऱ्या चित्रासाठी नागदत्त ओळीसमोर जाऊन बसला. आता त्यास बघता येत होते. पण बघायला काही नव्हते. ज्या चेहऱ्याकडे बघावे तो खाक्यातला. डोळे मिटून लेकीचा चेहरा आठवावा, तर तिथेही खाका. एकदा सोयरिकीसाठी त्याने तिचे चित्र काढले होते. तिच्या गालावर देवीचे वण होते, ते खाक्यात नव्हते म्हणून काढले नव्हते. कमळजाने ते बघून विचारले होते, "आबा, ही कोण?" आणि तो हसला होता.

आता डोळ्यांत हिरवा आणि निळा असे दोनच रंग उरले होते. त्याने कुंचल्यास हात लावला नाही. उठला, ओळीच्या टोकाशी गेला आणि वळून मुलींच्या पाठीमागे आला. तिथे तो थबकला.

खाका भिंतीवर लावायचा असतो. त्यास मागची बाजू नसते. मुलींच्या पाठीवर कोळशाची पूड पडलीच नव्हती. मागून त्या जशा होत्या तशाच होत्या. एकीची वेणी सुटलेली, एकीच्या टाचेला भेग, एकीच्या मानेवर घामोळे.

कमळजा लहानपणापासून त्याचे रंग वाटीत असे. तो भिंतीकडे तोंड करून काम करी आणि ती कोपऱ्यात त्याच्याकडे पाठ करून पाट्यावर हिरवा, निळा वाटीत बसे. वाटून वाटून तिचा उजवा खांदा डाव्याहून वर चढला होता. वेणी ती स्वतः घाली, म्हणून ती नेहमी थोडी बाजूला पडे. आणि वाटता वाटता ती कानामागे बोट पुसे, म्हणून तिथे रंग लागलेला असे. तो आजही होता. हिरवा.

तो खाली बसला आणि त्याने ती पाठ काढली. चढलेला खांदा काढला, बाजूला पडलेली वेणी काढली, कानामागचा हिरवा डाग काढला. तिथे थांबला.

जोगिणीने चित्र हाती घेतले. "चेहरा?"

"दिसले तेवढे काढले," नागदत्त म्हणाला. "चेहरा मला ठाऊक नाही."

जोगिणीने कागदावर फुंकर घातली.

कमळजा वळली. गालावर वण होते, डोळे लहान होते, आणि त्यांत राग होता. "आबा, उन्हात कधीपासून बसला आहात?" ती म्हणाली. ओळ मोडली. मुलींनी टोपल्या खाली टाकल्या आणि आपापल्या आईकडे धावल्या. फणसाला फणसाचे पान आले, करवंदाला चीक आला, माश्या जड होऊन पोळ्यांकडे गेल्या. नागदत्ताचे पागोटे तांबडे झाले. राजाने महालाची भिंत चुन्याने पांढरी करवली आणि चिताऱ्यांनी आधी रानात जावे, मग भिंतीस हात लावावा असा हुकूम काढला. राज्य पूर्ववत चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कमळजा रंग वाटायला बसण्याआधी नागदत्त कोपऱ्यात गेला. त्याने जड पाटा दोन्ही हातांनी उचलला, फिरवला, आणि तिचे तोंड आपल्याकडे होईल असा ठेवला.