हैबतीनं मांडलेली फुलं

कुंभळवाडीच्या खाली, कापरी नदीच्या पात्रात एक सपाट काळा खडक आहे. एक बैलगाडी उभी राहील एवढाच. त्याला ठकूचा खडक म्हणतात. दसऱ्याला अख्ख्या वाडीची पंगत त्याच्या समोरच्या काठावर बसते, आणि पानांभोवती फुलांची आरास करतात ती पुरुषमाणसं. बायकांनी त्या दिवशी फुलाला हात लावायचा नाही. मिशा पिकलेले गडी मांडी घालून तेरड्याची फुलं चिमटीत धरायला लागले, की बाहेरून आलेल्या पाहुण्यांना हसू येतं. मग देवीचे पुजारी सदूबाबा गुरव त्यांना शेजारी बसवून घेतात आणि हैबतीची हकिकत सांगतात. किती वर्षांपूर्वीची, ते त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्या आज्यानं ती आपल्या आज्याकडून ऐकलेली.

हैबती म्हणे अंगानं दणकट गडी होता. कोसळलेला बांध एकट्यानं उभा करायचा. त्याची बायको ठकू. जननीदेवीच्या पंगतीची आरास दरसाल तीच करायची. तेरडा, कुरडू, गोंडा नदीच्या अलीकडेच मिळायचे. पण सोनकी उगवायची ती नदीपलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर. पिवळ्याधमक सोनकीशिवाय पान मांडलं असं ठकूला वाटायचंच नाही. म्हणून नवमीला सकाळी ती पाटी घेऊन पलीकडे जायची. आश्विनात कापरीला पाणी ते किती, गुडघ्याएवढं.

त्या साली ती अशीच गेली. वाडीवर लख्ख ऊन होतं, पण वर घाटमाथ्यावर हस्ताचा पाऊस कोसळत होता, ते कुणाला कळलं नाही. दुपारी ठकू भरली पाटी डोक्यावर घेऊन पात्रात उतरली. मध्यावर आली आणि लोंढा आला. ती कशीबशी खडकावर चढली. पाटी मात्र तिनं सोडली नाही, असं सांगतात.

हैबती हाक ऐकून धावत आला. मागोमाग वाडी आली. दोन दोरखंड एकाला एक गाठले, टोकाला दगड बांधून फेकले. खडकापासून दोन हातांवर पडले. दोर कमरेला बांधून हैबतीनं पाण्यात उडी घेतली. लोंढ्यानं त्याला चिंधीसारखा फिरवला. माणसांनी ओढून काढला तेव्हा तोंडातून पाणी येत होतं. तो उठून परत निघाला. चौघांनी त्याला दाबून धरला.

"सोडा मला!" तो ओरडत होता. "ती हाय तिथं, दिसतीया मला!"

दिसत होतीच. हाक मारली तर ऐकू जाईल एवढी जवळ. पण पाण्याचा आवाज असा, की शब्द पोचत नव्हता. पाणी तिच्या घोट्याला लागलं, मग पोटरीला. तेव्हा ठकूनं पाटी खाली ठेवली आणि दोन्ही हात वर करून हवेत एक गोल काढला. थांबली. पुन्हा काढला.

"काय म्हणतीया?" हैबतीनं विचारलं. कुणालाच कळेना.

त्याला वाटलं, दोर झाडाला गुंडाळ म्हणतेय. काठावर जांभळाचं झाड होतं. तो दोर घेऊन तिकडे धावला, बुंध्याला वेढे द्यायला लागला. तिसरा वेढा देत असताना मागे बायकांनी हंबरडा फोडला. त्यानं वळून पाहिलं. खडक नव्हता. नुसतं तांबडं पाणी होतं.

दोर हातात धरून तो तसाच उभा राहिला. शेवटच्या क्षणी आपली पाठ होती तिच्याकडे, एवढंच तो पुढं जन्मभर सांगत राहिला.

दुसरा दिवस दसऱ्याचा. नदी उतरली, पण ठकू मिळाली नाही. देह नाही, तर सुतक धरायचं की पंगत बसवून उपास सोडायचे, हे कुणाला ठरवता येईना. नऊ दिवसांचे उपास अंगावर घेऊन माणसं आपापल्या दारात बसून होती. शेवटी हैबतीची आई, सगुणा म्हातारी, पोराजवळ आली. तिचाही उपास होता.

"हैबती," ती म्हणाली, "तिची खूण आरास मांडायची तर नव्हती? दरसाल पानाभोवती अशीच हात फिरवायची."

हैबती बऱ्याच वेळानं उठला. पलीकडे सड्यावर जाऊन धोतराच्या ओच्यात सोनकी घेऊन आला. काठावर त्यानं केळीचं एक पान मांडलं आणि फुलं लावायला बसला. बांध रचणाऱ्या बोटांत देठं मोडत होती. गोल काही केल्या जुळेना. शेजारची एक बाई पुढं झाली.

"भावजी, द्या हिकडं. आम्ही मांडतो."

"नको," तो म्हणाला. "तिनं मला दावलंय."

पुन्हा कुणी पुढं झालं नाही. काठावर जमलेली सगळी वाडी उपाशी उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. पाकळ्या चुरगळत, पुसत, पुन्हा लावत त्यानं एकाच पानाला दुपार केली. मग इतर गडी एकेक करून त्याच्या बाजूला बसले आणि पुढची पानं मांडू लागले. तेव्हापासून हे काम पुरुषांकडे आलं.

ठकूला दोर म्हणायचा होता की फुलं, ते मात्र कधी कळलं नाही. हैबती म्हातारा होऊन गेला तरी त्याला कळलं नाही.

आजही कुंभळवाडीत दसऱ्याला शेवटचं फूल लागलं, की सगळे गडी नदीकडे तोंड करून उभे राहतात. त्यांतला सर्वांत वडील माणूस खडकाकडे बघून मोठ्यानं विचारतो, "असंच ना गं, ठकू?" मग सारे थोडा वेळ वाट बघतात. पाणी वाहत असतं. कुणीतरी हळूच म्हणतं, "बसा आता," आणि आधी बायका पानांवर बसतात.