घोंगडीच्या आड

“आणि तुझ्या काढ्यानं ज्यांना उतार पडला नाही, त्यांचं काय?” धुंडिराजबुवांनी विचारलं.

“त्यांनी पथ्य मोडलं असणार, बुवा,” मार्तंड म्हणाला.

“ज्यांना पडला त्यांनी?”

“पाळलं.”

“कशावरून?”

“बरे झाले ना!”

बुवा मिशीत हसले. नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं असतं, हे सगळ्यांना ठाऊक. मार्तंडाचं अंगण मात्र हवं तेव्हा सरळ होत होतं, नको तेव्हा वाकडं.

मठात बुवांकडे वैद्यकी शिकणाऱ्यांत मार्तंड सगळ्यांत हुशार, आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं. धाकटी बहीण अंबू हिवतापानं त्याच्या मांडीवर गेली. तेव्हापासून त्यानं डोंगर पालथे घातले, मुळ्या आणल्या, कुटल्या, उकळल्या आणि एक काढा केला. आता त्याच्या खोऱ्यात तापाचे दिवस येऊ घातले होते. बाकीची औषधं सोडून लोकांनी हाच काढा घ्यावा, असा बुवांनी एक शब्द टाकावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

“तुम्ही स्वतः नाडी बघा,” तो म्हणाला. “तुमचा हात कधी चुकलेला नाही. तुम्ही म्हणाल ते खरं.”

“माझा हात...”

बुवा उठून उभे राहिले. मग मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या गोदाक्कांना त्यांनी हाक मारली. “आक्का, माझी घोंगडी द्या. आणि दोन मडकी.”

एका मडक्यात मार्तंडाचा काढा, दुसऱ्यात तसंच दिसणारं, तसंच कडू पाणी. एक मडकं चुलीजवळ, एक तुळशीजवळ. कशात काय, ते एकट्या गोदाक्कांना ठाऊक. मठात आलेल्या तापकऱ्यांपैकी निम्म्यांना त्यांनी एकातलं पाजलं, निम्म्यांना दुसऱ्यातलं. मार्तंडाला तिकडे फिरकू दिलं नाही.

आठवड्यानं बुवांनी सभामंडपात दोरीवर घोंगडी टाकली. अलीकडे ते आणि मार्तंड, पलीकडे रोगी.

मार्तंडाला ते फार लागलं. “मी लोकांना खुणा करीन, असं वाटतं तुम्हाला?”

बुवांनी पहिल्या रोग्याला हात पुढे करायला सांगितलं.

घोंगडीखालून एकेक हात पुढे येऊ लागला. बुवा नाडी बघून सांगू लागले.

“उतरलाय.”

“आहे अजून.”

ताप उतरलेले कडुनिंबाच्या सावलीत बसले, न उतरलेले पायऱ्यांवर.

एक हात आला, बारीकसा, काचेच्या दोन बांगड्या घातलेला. मार्तंड तो बघतच राहिला. अंबूचा हात असाच होता. त्या मनगटावर बुवांची बोटंही रेंगाळली.

“आहे अजून...” ते हळूच म्हणाले.

शेवटी घोंगडी काढली. गोदाक्का अंगणात उभ्या राहिल्या.

“मार्तंडा, तुझा काढा चुलीजवळच्या मडक्यात होता रे. त्यातलं ज्यांनी घेतलं, त्यांनी हात वर करा, बाबांनो.”

कडुनिंबाखाली निम्मे हात वर झाले.

पायऱ्यांवरही निम्मेच.

मार्तंड इकडून तिकडे बघत राहिला. पथ्याचा शब्द त्याच्या ओठापर्यंत आला आणि तिथंच विरला. मग तो मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. ज्या खोऱ्यात त्याला हा काढा न्यायचा होता, तिथं अंबूएवढ्या कितीतरी मुली होत्या.

बुवा त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. ऊन पायऱ्यांवरून खाली आलं तरी उठले नाहीत.

“मला कळलं, बुवा,” तो डोळे पुसत म्हणाला. “माझ्या नजरेवर माया होती. मला जे हवं तेच मी बघत होतो. मला दूर ठेवलंत, बरं केलंत. पण हात तर तुम्ही बघणार होता. तुम्हाला कसली माया? मग तुम्ही कशाला घोंगडीआड बसलात?”

बुवांनी त्याचं डोकं जवळ ओढलं. केसांतून हात फिरवत राहिले.

“रात्री काढा ढवळताना तू अंबूशी बोलायचास...”

“तुम्ही ऐकत होता?”

“हो. आणि हा काढा लागू पडावा, असं मला तुझ्याहून जास्त वाटायचं रे, मार्तंडा.”