काचेबाहेरचं भाषण

सावंतवाडीजवळच्या एका आयुर्वेदिक औषधांच्या कारखान्याचे मालक भाऊसाहेब एकदा बोलायला लागले, की त्यांना थांबवायची कुणाची छाती नव्हती.

तिथल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख वृंदाताई केळुसकरांनी भस्मं तोलायला मोठ्या खटपटीने नवा इलेक्ट्रॉनिक काटा आणवला. भस्म द्यायचं चिमूटभर. त्यात चूक झाली तर रोग्याच्या जिवाशी गाठ. ताईंनी काटा दगडी ओट्यावर मांडला, त्याचे स्क्रूचे पाय फिरवून पातळी दाखवणारा बुडबुडा मधोमध आणला, सकाळभर चालू ठेवला आणि चिमट्याने प्रमाणित वजन ठेवून तपासला. चोख होता.

वजन अजून काट्यावरच होतं, तेवढ्यात भाऊसाहेब आले. काट्यावर ओणवून त्यांनी आपण कारखाना कसा उभारला ते सांगायला घेतलं, आणि पडद्यावरचे आकडे नाचू लागले.

"हा कसला काटा? एका आकड्यावर टिकत नाही!" ते कडाडले. "उद्याच परत पाठवा. जुनाच बरा."

"पाठवते," वृंदाताई शांतपणे म्हणाल्या. "त्याआधी एक करून बघते."

त्यांनी काट्याची वारा अडवणारी काचेची दारं अलगद सरकवून बंद केली. भाऊसाहेब बोलतच होते, पण आकडा थांबला. अगदी बरोबर आकडा.

"काय दुरुस्त केलंत?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"काहीच नाही. मघाशी तो तुमचं भाषणही तोलत होता. आता नुसतं वजन तोलतोय."

काटा कारखान्यातच राहिला. भाऊसाहेब अजूनही प्रयोगशाळेत येतात. काचा लावल्यात ना, एवढं आधी विचारून घेतात आणि मग मनसोक्त बोलतात.