घरचे शेवटच्या पंगतीला

ज्युनिअर कॉलेजातला इनहाउस कोटा त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांचा. त्यांचे प्रवेश सगळ्यांच्या आधी होतात. पण प्रवेशाच्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष बापूसाहेब रणपिसे यांनी आपले सात पुतणे हार घालूनच आणले. संस्थेच्या शाळेचं तोंडसुद्धा त्या पुतण्यांनी पाहिलं नव्हतं.

"कोटा घरच्यांचा असतो!" बापूसाहेब गरजले. "हे माझ्या घरचे. तुम्ही शाळेतली पोरं म्हणजे पाहुणे!"

रांगेत पहिली उभी असलेली ऋतुजा वाघचौरे म्हणाली, "कबूल, बापूसाहेब. पण तुमच्या मुलीच्या लग्नात तुम्हीच ओरडत होतात ना, आधी पाहुण्यांची पंगत, घरचे शेवटी?"



थोरल्या पुतण्यानं घाबरून विचारलं, "मग तोवर आम्ही काय करायचं?"

"घरचे करतात तेच," ऋतुजा म्हणाली. "पाणी वाढा."