खापरी खिंडीचा उतार

तिन्ही बाजूंनी डोंगर असलेल्या एका तळ्याकाठी आंबेवडी नावाचे गाव होते. त्या गावात हैबती नावाचा एक सायकलवाला राहत असे. शहरातली हौशी माणसे तळ्याला सायकलने फेरी मारायला येत. हैबती पुढे राहून त्यांना वाट दाखवी.

वाटा दोन होत्या. एक पाण्याच्या कडेकडेने जाणारी, सपाट आणि सावलीची. दुसरी डोंगर चढून खापरी खिंडीतून तळ्याच्या पलीकडच्या काठाला उतरणारी. खिंडीपर्यंतचा चढ लांबलचक, पण सोसवणारा होता. पलीकडचा उतार मात्र असा, की नुसता पाहूनच माणसाने सायकलवरून खाली उतरावे. वळणामागून वळण. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. हैबती तो उतार वाऱ्यासारखा उतरे.

"नाव हैबती, आणि छातीही तशीच!" लोक म्हणत. ते ऐकून तो मिशीतल्या मिशीत हसे.

एकदा तो एकटाच खिंड उतरत होता. एका वळणावर अचानक वासरू आडवे आले. हैबतीने करकचून ब्रेक दाबले. सायकल घसरली ती थेट कठड्यावर जाऊन आदळली. पुढचे चाक दरीवर लोंबकळत राहिले. वासरू शेपटी उडवत निघून गेले. हैबतीला फारसे लागले नाही. तरी तो कितीतरी वेळ रस्त्यातच बसून राहिला. मग सायकल हाताने ढकलत घरी आला, आणि झाल्या प्रकाराबद्दल कोणाजवळ चकार शब्द बोलला नाही.

त्या दिवसापासून उताराच्या भीतीने त्याच्या मनात घर केले. कोणी खिंडीचे नाव काढले की तो म्हणे, "आज वर वारा फार आहे." कधी म्हणे, "धुकं आहे." कधी म्हणे, "पाण्यावर नवे पक्षी उतरलेत, ते बघू या की!" लोक त्याच्यावर विश्वास ठेवत. त्याचा नावलौकिक होता तसाच राहिला. पण जेवायला बसले तरी त्याच्या डोळ्यांपुढे ते दरीवर फिरणारे चाक येई आणि हातातला घास हातातच राही.

अशातच एके दिवशी आबा देसाई आणि त्यांची सून मुक्ता अशी दोघे आली. आबांनी साठी ओलांडली होती, पण आवाज खणखणीत होता. तरुणपणी त्यांनी सायकलच्या शर्यती गाजवल्या होत्या. आपली शर्यतीची जुनी सायकल त्यांनी स्वतः खपून दुरुस्त केली होती, तिला लाल रंग दिला होता आणि सुनेला भेट दिली होती. त्या सायकलवरची मुक्ताची ही पहिलीच मोठी फेरी होती.

"आम्हाला खिंडच हवी," आबा म्हणाले. "काठाकाठानं काय, कुणीही जाईल."

हैबतीने आभाळाकडे पाहिले. आभाळ निरभ्र होते. झाडाचे पानही हलत नव्हते. सबब सापडेना.

"चला," तो म्हणाला.

चढाच्या वाटेवर आबा शर्यतींचे किस्से सांगत होते. हैबती हूं हूं करत होता. त्याचे निम्मे लक्ष वर, खिंडीकडे होते. जसजशी खिंड जवळ येई, तसतसे त्याचे तळवे घामाने ओले होत. आपण आत्ताच काहीतरी बोलावे, असे त्याला दर वळणावर वाटे. दर वळणावर तो म्हणे, पुढच्या वळणावर बोलू.

अखेर तिघे खिंडीत पोहोचले. मागे खोल खाली तळ्याचे निळे पाणी चमकत होते. पुढे तो उतार होता.

आबांनी घाम पुसला आणि सगळे ठरवूनही टाकले. "हैबतराव, पुढे तुम्ही. मधे ही. मागं मी. मुक्ता, तू फक्त हैबतरावांच्या चाकावर नजर ठेव. ते वळतील तशी वळ. ते जेवढ्या वेगानं जातील, तेवढ्याच वेगानं जा. त्यांच्यासारखा माणूस पुढे असताना भ्यायचं कारण नाही."

मुक्ताने निमूट मान हलवली.

हैबतीच्या मनात एक थाप तयार होती. पुढे दरड कोसळली आहे असे म्हणावे आणि मागे वळावे. कोण पाहायला जातेय? थाप अगदी जिभेवर आली. तेवढ्यात त्याचे लक्ष मुक्ताकडे गेले. ती खरोखरच त्याच्या मागच्या चाकाकडे एकटक पाहत उभी होती. लेकरू आईच्या पदराकडे पाहते तशी. त्याने ती थाप गिळून टाकली.

त्याने सायकल कातळाला टेकवून ठेवली.

"आबासाहेब, मी तुम्हाला सायकलवरून खाली नेऊ शकत नाही," तो म्हणाला. "मला या उताराची भीती वाटते. मी इथं पडलोय. दरीत जाता जाता वाचलोय. तेव्हापासून मी सगळ्यांना थापा मारून ही वाट टाळतोय."

आबा आधी हसले. त्यांना वाटले, थट्टाच आहे. मग हैबतीचा चेहरा पाहून त्यांचे हसू मावळले.

"म्हणजे काय?" ते चढ्या आवाजात म्हणाले. "एवढं चढून आलो ते सायकली हातात धरून उतरायला? लोक तुम्हाला वाघ म्हणतात हो!"

"म्हणतात खरं," हैबती म्हणाला. त्याने मान खाली घातली.

 मुक्ताने आपली सायकल आबांजवळ आणली.

"आबा, रागावू नका. मलाही एक सांगायचं होतं. माझा ब्रेक नीट लागत नाहीये. आधी थोडा दाबला की लागायचा. आता मूठ पार आवळावी लागते."

हैबती झटकन पुढे झाला. त्याने तिच्या सायकलची ब्रेकची वायर बोटांनी चाचपली. मग ब्रेक जोरात दाबला. 'कट्' असा आवाज झाला आणि तुटलेल्या वायरचे टोक त्याच्या हातात आले. पाहिले तर तिच्या बहुतेक तारा आधीच झिजून तुटल्या होत्या. वायर उरलेल्या एक-दोन तारांवर तग धरून होती.

आबा मटकन दगडावर बसले. त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"ती वायर मी बसवली होती," ते म्हणाले. "जुनीच होती. म्हटलं, चालेल अजून... पोरी, खालीच का नाही बोललीस?"

"तुम्ही एवढं खपून सायकल जुळवलीत. तुम्हाला वाईट वाटेल, असं वाटलं. शिवाय तुम्ही दोघंही इतके बिनधास्त! म्हटलं, आपणच भित्रे असू."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  मग ते ओशाळून म्हणाले, "बिनधास्त कसला! चढताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली. थांबू म्हणायची लाज वाटली. म्हणून तर किस्से सांगत होतो."

ते ऐकून आधी मुक्ता हसली, मग हैबती हसला, आणि शेवटी आबांनाही हसू आवरेना. तिघांच्याही छातीवरचे ओझे उतरले. हैबतीने आपल्या पिशवीतली नवी वायर काढून मुक्ताच्या सायकलला बसवली, ब्रेक तीनतीनदा दाबून पाहिला. आबा पाणी प्यायले, त्यांनी डबा उघडला. कोणालाच कसली घाई उरली नव्हती.

मग ते तिघे सायकली हातात धरून चालत उतरले. जिथे तो पडला होता, ती जागा हैबतीने दाखवली. दरीच्या तोंडाशी पांढरी फुले फुलली होती. इतकी वर्षे तो या रस्त्याने जात होता, पण ती त्याने कधी पाहिलीच नव्हती. खाली सपाटी लागली तेव्हा सगळ्यांनी पुन्हा सायकलींवर टांग मारली आणि गार वाऱ्यात, गप्पा मारत, पाण्याकाठच्या वाटेने ते गावात परतले.

निघताना आबा हैबतीचा हात हातात घेऊन म्हणाले, "आज तुम्ही वाघासारखे उतरला असता, तर मी सुनेला घेऊन घरी गेलो नसतो."

त्या दिवशी हैबती पोटभर जेवला. पुढे त्याने उताराची सवय पुन्हा केली, पण घाई केली नाही. आज एक वळण, चार दिवसांनी दुसरे. आणि कोणालाही वाट दाखवायला निघण्याआधी तो सगळ्यांना झाडाखाली बसवी, आपल्याला आज कशाची धास्ती आहे ते आधी स्वतः सांगे आणि मग विचारी, "आता तुमचं बोला." लोक बोलत. कोणाची चेन सैल असे, कोणाचा पाय दुखत असे, कोणाला चढाची सवय नसे. हैबती त्याप्रमाणे वाट ठरवी. त्याच्या मागून गेलेला प्रत्येक जण धडधाकट घरी परतला.

तात्पर्य: पुढे चालणाऱ्याने आपली भीती लपवली, तर मागून येणारेही आपली अडचण लपवतात. त्याने ती मोकळ्या मनाने सांगितली, तर सगळ्यांनाच बोलायचा धीर येतो आणि मोठे संकट टळते.