येसू सुतारणीचा हात

आपल्या खाडीवर पूल नव्हता आणि माणसं पावसाळे मोजून वय सांगायची, त्या काळातली ही गोष्ट. उंडीलवाडीत धाकू सुतारानं देवीसाठी फणसाच्या लाकडाची नवी पालखी घडवली. शेवटचा रंधा मारला आणि त्याच दिवशी त्याचं अर्धं अंग लुळं पडलं. शिमगा महिन्यावर आला होता. "एकदा देवी तेच्यात बसलेली बघलंय, का मी सुटलंय," एवढंच तो बोलला.

पालखी अजून कोरी होती. तिला तेल पाजायचं काम धाकूच्या बायकोचं, येसूचं. उंडीच्या बियांचं तेल कोमट करून ती तळहातानं चोळायची, घटकाभर थांबायची आणि उरलेलं सगळं पुसून काढायची. मग चार दिवस लाकडाला हात लावायचा नाही. असं म्हणतात, कुठलं लाकूड किती तेल पिणार हे तिला नुसत्या बोटाला कळायचं.

पण गावाची भक्ती उतू गेली. पहिला हात देऊन येसूनं पालखी देवळाच्या मंडपात ठेवली आणि ती नवऱ्याच्या उशाशी बसली. इकडे घरटी एकेक वाटी तेल आलं. कुणी खोबरेल आणलं, कुणी तिळाचं, कुणी करंजाचं. सगळं पालखीवर ओतलं. चार दिवसांनी येसू दुसरा हात द्यायला आली, तोवर धूळ बसली होती, मुंग्या लागल्या होत्या आणि दांड्याला लावलेला हात सुटेना झाला होता.

"देवीक घालताना हात कसो आखडूचो गो?" गावचे मानकरी भिवा गावकार ओशाळून म्हणाले.

"गावकारानू, तहान असता तेवढाच लाकूड पिता," येसू म्हणाली आणि तिला रडूच कोसळलं. नवऱ्याचे किती दिवस उरलेत ते तिला दिसत होतं.

रडून झाल्यावर तिनं पदर खोचला. तांदळाचा कोंडा आणि काथ्या घेऊन सगळी पालखी घासून काढली, मग नव्यानं तेल चोळायला बसली. असं म्हणतात, चोळून चोळून तिच्या तळहातावरच्या रेषा लाकडात उतरल्या. आठ जणांची पालखी दोघांना उचलेल इतकी हलकी झाली, असंही म्हणतात. मी काही उचलून बघितलेली नाही.

पालखीचा पहिला मान गावकारांच्या दाराचा. त्या शिमग्याला भिवा गावकारांनी स्वतःच्या दारावरून पालखी पुढे काढली आणि थेट सुताराच्या अंगणात टेकवली. धाकूनं धड राहिलेला हात लाकडावरून फिरवला. बोटं कोरडी निघाली. तो येसूकडे बघून हसला, मग देवीकडे बघत राहिला, आणि तसाच गेला. येसूनं सांगेपर्यंत पालखी कुणी उठवली नाही.

आता तिथे सुताराचं घर नाही, नुसता चिऱ्यांचा चौथरा आहे. तरी पालखी पहिली तिथेच थांबते. प्रत्येक जण बोटभर तेल दांड्याला लावतो आणि हात कोरडा होईपर्यंत पुसतो. मग गावकार रिकाम्या चौथऱ्याला विचारतात, "येसूबाय, उठवू आता?" आणि श्वासभर थांबतात. उत्तर कुणी ऐकलेलं नाही. पण विचारल्याशिवाय पालखी आजवर कुणी उठवलेली नाही.