भुंड्यावरची पहिली मूठ

पायातलं आधी काढा. बूट, मोजे, सगळं त्या कट्ट्यापाशी ठेवा आणि मग पुढं या. समोर दिसतंय ते आमचं शेत. बारा पावलं लांब, नऊ पावलं रुंद. यानातून उतरणारा प्रत्येक पाहुणा आधी हसतो आणि म्हणतो, "एवढंच?" होय, एवढंच. गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या ह्या भुंड्या धोंड्यावर, आम्ही त्याला भुंडाच म्हणतो, काळी जमीन म्हणून जी काय आहे ती एवढीच, आणि तिच्यातलं ढेकूळ न् ढेकूळ एका माणसाच्या जिवावर आलेलं आहे.

शेताच्या उशाला ती लाकडी तिफण उभी आहे. पेरायचं अवजार. वर वाटीसारखं दिसतं ते चाडं. त्यात मुठीनं बी सोडायचं, ते नळ्यांतून खाली ओळीनं पडतं. तिच्या दांडीवर चार बोटं खोल खाच पडलीय, ती बघा. हात लावू नका, नुसतं बघा. किड्यानं खाल्लेलं नाही ते. दोरानं कापलंय.

जमीन तयार आहे मग पेरणी का होत नाही, असं सकाळपासून तिघांनी विचारलं. नऊ दिवस झाले, थांबलोय. आमच्या वस्तीला पांढरी म्हणतात, आणि पांढरीत चाड्यावर पहिली मूठ कोणीही धरत नाही. ज्याला आईबापाचं तोंड आठवत नाही, त्यानंच ती धरायची. तुमच्याकडं उलटं असतं. शुभकामाला भरल्या घरातलं माणूस लागतं. इथंही पूर्वी तसंच होतं. ते का फिरलं, तेच ऐकायचं आहे.

सांगतात ते असं, की पहिली माणसं खाणीच्या कामाला इकडं निघाली तेव्हा दोन गलबतं होती. एकात माणसं, अवजारं, ही तिफण आणि बियाण्याची गाडगी. ते नीट उतरलं. दुसरं उतरता उतरता वस्तीच्या मागच्या अंगाच्या घळीत कोसळलं, सातशे हात खोल. त्यात काय होतं ते म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. म्हातारे गेले, ठाऊक असणंही गेलं. लिहून ठेवायची अक्कल एकालाही सुचली नाही. मागं उरल्या गप्पा. एकानं सोनं म्हटलं, दुसऱ्यानं हिरे म्हटलं, आणि नातवंडांच्या तोंडी येईपर्यंत घळीत कुबेराचं घर उभं राहिलं.

माती कोणी बघितलेली नव्हती. तरी पेरणीचा सण दर साली व्हायचा! तिफणीला घुंगरं बांधायची, ती पांढऱ्या धुळीवरून ओढायची, पाटलानं चाड्यावर मूठ धरायची, दाणे दगडावर सांडायचे, आणि सण आटोपला की वेचून पुन्हा गाडग्यात. कशासाठी हे विचारायचं नाही. पोटाला काय, तर खाणीचा मुकादम आपल्या यानातून आणेल ते पीठ.

ते दाणे वेचायचं काम केरबाचं.

केरबा पाळण्यात होता तेव्हा खाणीचं छत बसलं आणि आईबाप दोघं खाली गेले. वस्तीनं त्याला वाढवलं, असं वस्ती म्हणते. वाढवलं म्हणजे काय, तर अवजारांच्या खोलीत झोपू दिलं आणि पंगत उठल्यावर जेवू दिलं. तिशीचा झाला तरी तेच. धोंडे फोडायला, पत्रे ठोकायला, नळ उपसायला केरबा. तिफणीपाशी मात्र यायचं नाही, बिनआईबापाचा हात अपशकुनी. वेचायला तो हात चालायचा, पेरायला चालत नव्हता. फटीत अडकलेले चार-दोन दाणे तो मागाहून सुईनं काढायचा आणि कमरेच्या पिशवीत जपायचा. त्याच्या मालकीचं तेवढंच होतं म्हणे.

आणखी एक रीत होती. बाहेर, जिथं हवा नाही तिथं उतरणाऱ्याचा दोर रक्ताच्या माणसानंच धरायचा. वस्तीच्या भिंतीला रबरानं बुजवलेलं भोक आहे, त्यातून दोर आत येतो आणि धरणारा आत बसतो. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ओढा. परका दोर सोडून देईल, रक्ताचा सोडणार नाही, असं म्हणायचे. मालाचा बारीक दोर कोणीही धरावा. माणसाचा दोर परक्यानं धरला तर दोन्ही घरं बुडतात, असं. आता ज्याला घरच नाही त्यानं काय करायचं? ह्याचा विचार कोणी केला नव्हता. करायची गरज कोणाला होती?

एका साली नरसूआप्पा मुकादमाच्या डोक्यात घळीतलं धन शिरलं. त्यानं पीठ निम्म्यावर आणलं आणि सांगितलं, धन काढा, मग पोटभर खा. दोघं उतरले. दोघांचे भाऊ दोर धरून बसले होते. कपारीच्या धारेनं दोन्ही दोर कापले गेले. मग एकाही घरानं माणूस दिला नाही.

मुकादम चौकात उभा राहिला आणि म्हणाला, "त्या केरबाला पाठवा की. रडणारं कोण आहे त्याच्या मागं?"

सगळी पांढरी तिथं होती. लहानथोर, बायाबापड्या. सगळ्यांनी मान खाली घातली. मुकादमाला शिव्या घालणं सोपं आहे, त्या मी रोज घालतो. पण तो एकटा होता आणि हे दोनशे होते. एकाच्याही तोंडातून "का?" निघालं नाही.

केरबा म्हणाला, "उतरतो. पंगतीत पान मांडाल?"

"मांडू, मांडू," मुकादम म्हणाला. "पहिलं तुझंच."

"आणि दोर कोण धरणार?"

पुन्हा माना खाली. केरबानं एकेकाला नावानं विचारलं, असं सांगतात. "गणूकाका, तुमच्या छपराला पत्रा मी ठोकला. धरता? सगुणाआत्या, तुमच्या लेकाला धुरातनं मी काढलं. धरता?" गणूकाकाला खोकला आला. सगुणाआत्या म्हणाली, "बाबा, रीत नाही रे. मी का नाही म्हणते? पण रीत नाही."

तेव्हा केरबा चालत तिफणीपाशी गेला. जन्मात पहिल्यांदा. दोराचा फास त्यानं तिच्या दांडीवर टाकला आणि करकचून आवळला.

राणू पाटील, ऐंशीचा म्हातारा, काठी आपटत धावला. "अरे बाटवलीस! हात काढ आधी! आजापणजाची तिफण आहे ती!"

"तुम्ही धरा, पाटील," केरबा म्हणाला. "आत्ता सोडतो."

पाटलाची काठी होती तिथंच थांबली. कोणी पुढं आलं नाही. केरबानं पोशाख चढवला, दाण्यांची पिशवी त्यावरून कमरेला बांधली आणि झडपेतून बाहेर पडला.

टाकीत हवा चार घटकांची. घळीत उतरायला एक घटका लागते. चढून यायचं तर पाच. म्हणजे वरून ओढल्याशिवाय परत येणं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आत बसलेल्या दोनशे जणांनाही. आणि वजनाचं म्हणाल तर भुंड्यावर धडधाकट माणूस पोशाखासकट एका पाण्याच्या घागरीएवढा भरतो. घागर! विहिरीतून घागर ओढायला किती माणसं लागतात?

उतरताना केरबानं कपारीच्या धारा दिव्यानं हेरल्या आणि जिथं धार दिसली तिथं दोराखाली चामड्याची पट्टी सरकवत गेला. आधीच्या दोघांना ते सुचलं नव्हतं. बरोबर मालाचा बारीक दोरही होता. तो धरायला मात्र वर मुकादमाची दोन माणसं हजर होती. मालाला धरणारे दोन, माणसाला धरणारं लाकूड.

खाली गलबत कुशीवर पडलेलं होतं. दार वाकवून केरबा आत शिरला. पेट्या नव्हत्या, हंडे नव्हते. पोती होती, थरावर थर. एक फाडलं तर आत काळं, गोठून दगड झालेलं काहीतरी. दुसरं फाडलं, तिसरं फाडलं. तेच. तो मटकन बसला. दगड फोडण्यात जन्म गेला आणि धन म्हणून पुन्हा दगडच निघावेत! पंगतीतलं पान गेलं, असं त्याला वाटलं असणार.

एक ढेकूळ त्यानं दिव्यापाशी धरलं. ऊब लागली तसं ते सुटलं, भुगा झाला, हातमोज्याला चिकटून बसलं. दगड असं करत नाही. त्यानं पोत्याचं तोंड उलटून पाहिलं. तिथं रंगानं चित्र काढलेलं होतं. दांडी, नळ्या, वर वाटी. वाचता त्याला येत नव्हतं, पण हे चित्र त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. आयुष्यभर लांबून बघितलेली तिफण होती ती. ती कशात चालवायची, हे साऱ्या पांढरीत पहिल्यांदा कोणाला कळलं असेल, तर तिला शिवायची ज्याला बंदी होती त्याला.

त्यानं एक पोतं मालाच्या दोराला बांधलं आणि दोन हिसके दिले.

पोतं वर आलं. मुकादमानं घाईघाईनं सुरी खुपसली आणि आतलं जमिनीवर ओतलं. मग लाथ मारली. "कचरा! कचऱ्यासाठी माझी हवा जाळली!" मालाचा दोर त्यानं सगळाच्या सगळा घळीत सोडून दिला आणि तो निघून गेला.

केरबाच्या अंगावर दोराची वेटोळी येऊन पडली. त्यानं माणसाच्या दोराला दोन हिसके दिले.

वर तिफणीची घुंगरं वाजली, दोनदा.

सगळ्यांनी ऐकलं. "ओढायला पाहिजे," कोणी म्हणालं. "पण कोणी?" दुसरं म्हणालं. "त्याचा लांबचा चुलता होता ना खाणीत?" "तो मेला." "मग त्याच्या बायकोचा भाऊ?" अहो, नाती शोधत बसले! घागरीएवढा माणूस टांगलेला आणि हे सोयरीक जुळवतायत! घुंगरं पुन्हा वाजली, दोनदा. मग तिसऱ्या खेपेला तशीच, दोनदा. मग बराच वेळ वाजली नाहीत.

राणू पाटील एवढा वेळ त्या ओतलेल्या काळ्या ढिगाशी वाकून बसला होता. तो पृथ्वीवरून आला तेव्हा दुधपिता होता. ढीग उबेला आला तसा त्याचा वास सुटला, आणि म्हाताऱ्यानं मूठभर उचलून नाकाशी धरलं. "माती आहे ही," तो म्हणाला. "अरे, माझ्या आईच्या पदराला हा वास होता. माती आहे, भडव्यांनो!" तो उठला, काठी फेकली आणि केरबाच्या दोराला दोन्ही हातांनी जाऊन भिडला. रक्ताचा ना नात्याचा.

तेवढ्यात घुंगरं वाजली, दोनदा, सावकाश.

मग लाज वाटून का होईना, सगळे धावले. दोर जड लागला. "जिता आहे! ओढा, जिता आहे!" सगुणाआत्या रडत ओरडत होती. दांडीत दोर रुतत गेला, ही खाच तेव्हाची. बाहेर झडपेपाशी उभी केलेली माणसं वर येईल ते आत घेत होती. एक पोतं आलं. त्याच्यामागं दुसरं, तिसरं. टाकून दिलेल्या मालाच्या दोरानं त्यानं माळ ओवावी तशी पोती ओवली होती. चाळीस, म्हणतात. कोणी साठ सांगतं, मी चाळीस धरतो. शेवटी केरबाचा कमरपट्टा वर आला. नीट आवळलेला, गाठ पक्की. आत माणूस नव्हता. जिथं स्वतःला बांधायचं, तिथं त्यानं एक पोतं जास्त बांधलं होतं.

माझ्यासाठी ओढणार नाहीत, ह्यासाठी ओढतील, असं त्याला वाटलं असेल. चूक म्हणायची तर कोणत्या तोंडानं म्हणायची? तीनदा मागितलं होतं त्यानं.

लगेच चौघं उतरले. त्यांचे दोर कोणी धरले, कोणाचं रक्त कोणाचं, हे त्या दिवशी एकानंही विचारलं नाही. गलबताच्या दारात केरबा टेकून बसला होता. दिवा चालू होता, हवा संपली होती. उजवी मूठ घट्ट मिटलेली. वर आणल्यावर ती कोणाला उघडेना.

माती अंथरली, तिच्या पोटात त्याला ठेवायचं ठरलं. पण आधी राणू पाटलानं त्याला तिफणीपाशी आणवलं आणि ती मिटलेली मूठ चाड्यावर धरली. तेव्हा बोटं आपसूक सुटली, असं सांगतात. मुठीतून माती पडली, आणि मातीत जोंधळ्याचे दाणे. फटींतून वेचलेले, पिशवीत जपलेले. खाली एकटा बसून त्यानं आपल्या मुठीत पेरणी करून ठेवली होती.

मागाहून पाटलानं, मानकऱ्यांनी गाडग्यांतलं बी पेरलं. त्यातला एक दाणा उगवला नाही. उगवले ते त्या मुठीतले सात. आज जो जोंधळा तुम्हाला इथं वाढतात, तो त्या सातांचा. नरसूआप्पाला पांढरीनं त्याच्याच यानात बसवून लावून दिलं. ते नंतरचं शहाणपण, त्याचं कौतुक मला सांगू नका.

आजही पांढरीत दोर धरायला रक्ताचं माणूस उभं करत नाहीत, जो जवळ असेल तो धरतो. आजही पंगतीत पहिलं पान मांडतात आणि त्यावर कोणी बसत नाही. आणि आजही तसा हात मिळाल्याशिवाय चाड्यावर मूठ पडत नाही. पांढरीत सध्या तसं कोणी नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. म्हणून नऊ दिवस यानांची वाट बघतोय.

तर आता मी विचारतो. तुमच्यात कोणी आहे का, ज्याला आईबापाचं तोंड आठवत नाही? इकडं तिकडं बघू नका, मान खाली घालू नका. ह्या गावात ती फार घालून झाली आहे.

तुम्ही का, ताई? मागं का उभ्या राहिलात? या, पुढं या. वाट द्या रे त्यांना. हं, हात धुऊ नका. आहे तसाच आणा.